रिकामी दिसणारी नळी

ही नळी रिकामी वाटतेय? हिच्यात 10 मायक्रोग्रॅम प्रथिन आहे. गोठवून वाळवलेली भुकटी. कधी तळाशी पापुद्र्यासारखी, कधी झाकणाला आतून चिकटलेली. म्हणून नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. नवखा हमखास विसरतो, आणि सगळा माल झाकणावरच राहतो.

हा ग्रोथ फॅक्टर. पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला तो जाऊन बसला, की आत निरोप पोहोचतो: वाढ, विभागणी कर. मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम पुरतात.

पूर्वी हे प्रथिन प्राण्यांमधूनच काढावं लागे. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन हे शास्त्रज्ञ चेतातंतू वाढवणाऱ्या घटकाच्या मागे होते. हा घटक असलेल्या अर्कातली न्यूक्लिइक आम्लं मोडावीत म्हणून कोहेन यांनी त्यात सापाचं विष घातलं. तर विषच अर्काहून कितीतरी जोरकस निघालं! विषग्रंथी म्हणजे सापाची लाळग्रंथीच. मग उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. त्यांचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले. हे काम वेगळ्याच प्रथिनाचं होतं: ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. दोघांना 1986 चं नोबेल मिळालं.

आज मानवी ईजीएफचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात. अवघी 53 अमिनो आम्लं, पण घडी अवघड: गंधकाचे तीन टाके योग्य जागीच पडायला हवेत. जिवाणूच्या आत बरेचदा प्रथिनाचा नुसता गोळा होतो. तो उलगडून पुन्हा घडी घालावी लागते. घडी चुकली तर साखळी तीच, वजन जवळपास तेच, पण पेशी ढुंकून बघत नाही. त्यामुळे शुद्धतेच्या टक्क्यांवर भागत नाही. जिवंत पेशींवर चाचणी लागतेच. शिवाय जिवाणूच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, मागे राहिलं, तर पेशींचा प्रतिसाद नेमका कशाला, हेच कळेनासं होतं.

आणि मूलपेशींचा लाडका ग्रोथ फॅक्टर, एफजीएफ-2? 37 अंशांना तो दिवसभरसुद्धा धड टिकत नाही. मग पेशी ज्यात वाढतात ते पोषक माध्यम रोज बदला. रविवारी प्रयोगशाळेतला दिवा जळतो, तो अनेकदा याच्यापायी. अलीकडे काही अमिनो आम्लं बदलून उष्णतेत तग धरणारा एफजीएफ-2 तयार केला गेलाय. तो वापरणाऱ्यांचा रविवार सुटतो.