फौजीच्या घरचं दुखणं

नमस्कार श्रोतेहो. फौजी माणसाच्या घरच्यांवर उपचार करायचे कुणी, सरकारनं की खासगी दवाखान्यानं, यावर आज थोडं बोलू.

नोकरीतल्या जवानाच्या बायको-पोरांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना लष्करी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. पण तिथवर पोचायला हवं ना! आपल्याकडून मोठं मिलिटरी हॉस्पिटल म्हणजे देवळाली. धडगावच्या पाड्यावरची अडलेली बाळंतीण तिथवर न्यायची कशी? तिचा नवरा तर सीमेवर.

पेन्शनीत आलेल्यांसाठी 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. एकदाच वर्गणी भरायची, हवालदारापर्यंतच्यांना 30,000 रुपये. मग नवरा-बायकोला तहहयात उपचार. शुगर-बीपीच्या गोळ्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यात. मोठं काही निघालं तर तिथून रेफरल, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या खासगी रुग्णालयात जायचं, बिल सरकार भरणार.

घोडं अडतं ते या बिलापाशीच. बिलं थकली की रुग्णालयं कॅशलेसला का-कू करतात. पारोळ्याकडचे एक रिटायर हवालदार काउंटरवर विचारत होते, “कार्ड शे ना भाऊ, मंग पैसा काबर मांगतस?” काउंटरवरचा पोरगा संगणकातून मान वर काढेना. रुग्णालयवाले म्हणतात, सरकारी दर परवडत नाहीत, त्यातही पैसे उशिरा. त्यांचं सगळंच खोटं नाही.

यावर काहीजण तोडगा सुचवतात, की पॉलिक्लिनिकं बंद करा आणि सगळ्यांना विमा द्या. मला नाही पटत. अँजिओप्लास्टी खासगीत झाली तर हरकत कसली? पण मोठे डॉक्टर बसतात जळगाव-धुळे शहरात. विम्याचं कार्ड दिलं म्हणून ते शहाद्याच्या खेड्यात येणार नाहीत. शिवाय ऑपरेशन खरंच लागतं का, हे सांगणारा माणूस बिलावर पोट नसलेला हवा. तो पॉलिक्लिनिकचा डॉक्टर. त्याची नोकरीही कंत्राटी. तो सोडून गेला की खुर्ची रिकामी. पैसा आधी तिथे ओता, आणि खासगीची बिलं वेळेवर चुकती करा.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. अचानक छातीत कळ आली तर रेफरलसाठी थांबू नका, जवळचं रुग्णालय गाठा. ते पॅनेलवर नसेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा, म्हणजे खर्चाचा दावा करता येतो. आणि कार्ड गावी असलेल्या म्हाताऱ्या माणसापाशीच राहू द्या, पुण्यातल्या मुलाच्या पाकिटात नको.