शाळेला प्रश्न विचारताना

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि येथे जमलेले पालकहो,

'पाच वर्षांच्या मुलांना शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचे झाले आहे, मुलांना घरी ठेवा' अशा आशयाचा संदेश आपल्या वॉट्सअ‍ॅप गटावर तीनदा फिरला. तो वाचून अनेकांची झोप उडाली. खोटे कशाला बोलू, पहिल्या वेळी माझीही उडाली होती.

इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२० पासून जे सक्तीचे झाले, ते नातेसंबंध शिक्षण आहे: कुटुंब, मैत्री, परस्परांचा आदर, इंटरनेटवरची सुरक्षितता आणि नकोसा स्पर्श झाल्यास कोणाला सांगायचे, हे त्याचे विषय. त्यातून मुलाला काढून घेण्याचा हक्क पालकांना नाही. लैंगिक शिक्षण मात्र प्राथमिक शाळेत सक्तीचे नाही आणि शाळेने ते ठेवलेच, तर विज्ञानाच्या अभ्यासक्रमातला भाग वगळून उरलेल्यातून मुलाला काढता येते. माध्यमिक शाळेत तशी विनंती करता येते. परंतु मुलाला सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच्या तीन सत्रांत त्याला स्वतःलाच शिकायचे असेल, तर शाळेने त्याची सोय करायची असते.

या विषयाचे धोरण ठरवताना पालकांचा सल्ला घेणे शाळेवर बंधनकारक आहे, मात्र अंतिम निर्णय शाळेचाच असतो. आपल्याला सल्ला विचारला म्हणजे तो मानलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते, आणि बहुतेक भांडणे तिथेच सुरू होतात. २०१९ मध्ये बर्मिंगहॅममधील दोन प्राथमिक शाळांसमोर, समलिंगी जोडप्यांच्या कुटुंबांचीही ओळख करून देणाऱ्या समतेच्या पाठांविरुद्ध, पालकांनी निदर्शने केली. त्यांतील पार्कफील्ड शाळेने पालकांशी चर्चा होईपर्यंत ते पाठ थांबवले आणि पुढे बदल करून पुन्हा सुरू केले. अँडरटन पार्क शाळेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने शाळेच्या परिसरात निदर्शनांना कायमची मनाई केली आणि तिथे काय शिकवले जाते याचे फार विपर्यस्त चित्र रंगवले गेल्याचेही नोंदवले. पालकांच्या शंका सगळ्याच खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही, परंतु रस्त्यावरच्या भोंग्यातून विचारलेल्या शंकेला उत्तर मिळत नाही.

२०१० चा समता कायदा, म्हणजे धर्म, वंश, लैंगिक कल अशा कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा, आपण अनेकदा उलट्या बाजूने धरतो. अमुक धडा आमच्या धर्माविरुद्ध आहे, म्हणून तो बेकायदा आहे, असे पत्र काही जणांनी मला दाखवले. अभ्यासक्रमात काय असावे, हा भाग त्या कायद्याच्या शाळाविषयक तरतुदींतून वगळलेला आहे. तो कशा रीतीने शिकवला जातो, हे मात्र कायद्याच्या कक्षेत येते. धडा शिकवताना एखाद्या मुलाच्या धर्माची किंवा घराची टिंगल झाली, तर तक्रारीला आधार आहे. याच प्रकारच्या कायद्यांनी आपल्यासारख्यांनाही हात दिला आहे. २००८ मध्ये वेल्समधील एका शीख मुलीला शाळेत कडे घालण्यास मनाई झाली, तेव्हा न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. दोन आया असलेल्या घरातील मुलाला जी ढाल मिळते, तीच देवळात जाणाऱ्या आपल्या मुलांना मिळते.

माझा स्वतःचा अनुभव अगदी साधा आहे. मुलीला 'माझे कुटुंब' या विषयाचा कागद मिळाला होता. त्यात आईबाबा आणि भावंडे यांचेच चौकोन होते. आमच्याकडे राहणाऱ्या आजीला तिने समासात बसवले होते. मी वर्गशिक्षिकेला चार ओळी लिहिल्या आणि धड्याचे बाकीचे साहित्य पाहायला मागितले. उत्तराला तीन आठवडे लागले, याचा राग मला अजून आहे. पण साहित्य पाहायला मिळाले, त्यात भीतीदायक काही नव्हते, आणि पुढच्या सत्रात कागदावर आजी-आजोबांना जागा मिळाली.

या विषयात आपण कोरी पाटी घेऊन आलेलो नाही. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती, आणि आपल्यापैकी अनेकांना या गोष्टी मित्रांच्या कुजबुजीतूनच कळल्या. शाळेत हा विषय निघाला की आपल्याला अवघडायला होते, त्यात या कुजबुजीचाही वाटा आहे.

जुलै २०२५ मध्ये या विषयांची सरकारची सुधारित मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली असून ती १ सप्टेंबर २०२६ पासून लागू होते. पालकांनी मागितल्यास शाळांनी शिकवण्याचे साहित्य दाखवावे, यावर तिचा भर आहे. धोरणाचा मसुदा आला की तो वाचा आणि कोणत्या इयत्तेला, कोणता भाग, कोणत्या पुस्तकातून, असे नेमके विचारा. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि तरीही समाधान झाले नाही तर शाळेच्या तक्रार-पद्धतीनुसार नियामक मंडळ. मी लिहिलेल्या त्या चार ओळींची प्रत सोबत आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना हवी असेल त्यांनी ती जरूर घ्यावी.