वळचणीचा बर्फ

(छपराची कड, सकाळचे ऊन)

बोस्टनच्या उपनगरातील या केप कॉड धाटणीच्या घराच्या वळचणीला हातभर लांबीच्या बर्फाच्या पागोळ्या लोंबत आहेत. पागोळ्या देखण्या असल्या, तरी पाहायला हवा तो त्यांच्या वर, छपराच्या काठावर घट्ट बसलेला हा वीतभर जाडीचा बर्फ. येथे त्याला ‘आइस डॅम’ म्हणतात आणि ते नाव नेमके आहे, कारण हा खरोखरच पाणी अडवणारा बांध आहे.

बाहेर उणे दहा अंश तापमान असताना छपरावर पाणी होते, ते घरातल्या उष्णतेमुळे. हीटरने तापलेली हवा वर चढते, छतातल्या फटींतून पोटमाळ्यात शिरते आणि छपराच्या फळ्यांना खालून ऊब देते. फळ्यांना टेकलेला बर्फ वितळतो, त्याचे पाणी वरच्या बर्फाच्या पांघरुणाखालून उताराने वाहत भिंतीबाहेर डोकावणाऱ्या कडेपर्यंत येते आणि तेथे खाली ऊब नसल्याने पुन्हा गोठते. बांध असाच उंचावत जातो व त्यामागे पाणी तुंबते. डांबरी शिंगल्स आपल्या कौलांसारख्याच एकीवर एक रचलेल्या असतात. वरून ओघळणारे पाणी त्या खाली उतरवून देतात, पण खालून वर चढणाऱ्या पाण्यापुढे त्यांचा इलाज चालत नाही.

2014-15 च्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये 110.6 इंच, म्हणजे सुमारे 2.8 मीटर, इतका विक्रमी बर्फ पडला, तेव्हा असंख्य घरांत पाणी शिरले. छत, भिंती, इन्सुलेशन (उष्णता रोखणारे भरण) भिजून बुरशी धरली.

(पोटमाळा, विजेरीचा प्रकाश)

केप घरांत वरच्या खोल्या छपराच्या उतारातच बसवलेल्या असतात आणि त्यांच्या बुटक्या भिंतींमागे अशी अरुंद, अंधारी पोकळी राहते. गळती शोधण्यासाठी कारागिरांनी मुख्य दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली आहे, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने उतरला आहे. आता जेथे फट, तेथून हवा आत घुसणार. घर मराठी कुटुंबाचे असल्याने फट दाखवायला देवघरातली उदबत्ती आली आहे. छतात बसवलेल्या दिव्याजवळ नेताच तिचा सरळ चढणारा धूर खोलीकडे आडवा होतो. नळाच्या पाइपाभोवती, चिमणीच्या कडेला आणि माळ्याच्या झाकणापाशीही तेच घडते.

आधी फटी बुजवाव्यात, इन्सुलेशन त्यानंतर, हा क्रम येथे अनेकदा उलटा होतो. छपराच्या कडेला विजेच्या गरम तारा नागमोडी लावून घेणाऱ्यांची तर गणतीच नाही. त्या बर्फातून पाण्याला वाट काढून देतात आणि बिल वाढवतात, मूळ दोष मात्र माळ्यावर तसाच राहतो. या घरात पाइपाभोवती फोम भरला जात आहे. चिमणीला मात्र फोम चालत नाही, तेथे पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंट लागते. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या बारीक कापलेल्या तंतूंपासून केलेले सेल्युलोज हे इन्सुलेशन सुमारे दीड फूट जाडीचे पसरले जाईल. पण कडेकडून आढ्याकडे जाणारी हवेची वाट त्याखाली बुजू नये, म्हणून वाशांच्या मधे थर्माकोलच्या पन्हळी आधीच ठोकल्या आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वीज व गॅस कंपन्यांच्या ‘मास सेव्ह’ योजनेत घराची ऊर्जा-तपासणी विनामूल्य होते.

(अंगण, लांब दांड्याचे फावडे)

बर्फ पडून गेल्यावर जमिनीवर उभे राहूनच कडेचा तीन-चार फुटांचा पट्टा असा ओढून घ्यावा. बांध झालाच, तर जुन्या पायमोज्यात बर्फ वितळवणारा कॅल्शियम क्लोराइड हा क्षार भरून तो काठावर आडवा टाकल्यास पाण्याला वाट मिळते. हातोडीने बर्फासोबत शिंगल्सही फुटतात.

(पुन्हा पोटमाळा)

पंखा पुन्हा सुरू झाला आहे. दिव्याजवळ धूर आता सरळ वर जातो आहे. माळ्याच्या झाकणापाशी तो अजून थोडा कलतो, तेव्हा कारागीर झाकण उतरवून रबरी पट्टी काढतो आणि कोपऱ्यापासून नव्याने चिकटवू लागतो.