तोट्यातही चिप बनवतच राहायची, असं का?

नमस्कार मंडळी, आज बोलूया मेमरी चिपबद्दल, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमधली रॅम, धंद्यातले लोक डीरॅम म्हणतात तिला. २००७-०८ मध्ये हिचे भाव असे काही कोसळले की पूर्ण खर्चसुद्धा निघेना, तरी फॅब, म्हणजे चिपचे कारखाने, धडाधड चालूच.

हिशोबाला सोपे आकडे धरू. समजा एका चिपला खर्च १०० रुपये, त्यातले ६० बिल्डिंग आणि मशीनचे, ४० वेफर (सिलिकॉनची चकती, तिच्यावरच चिप बनतात), केमिकल वगैरेचे. ते ६० आधीच जाऊन बसलेत, फॅब चालवा नाहीतर कुलूप लावा, हप्ता काही चुकत नाही. आता भाव ७० वर आला तर चिपमागे ३० चा तोटा, पण बंद ठेवलं तर ६० चा! मग चालूच ठेवतात, सगळेच ठेवतात, माल वाढतो आणि भाव अजून पडतो. त्यात वेफर आत गेला की चिप होऊन बाहेर यायला दोन-तीन महिने, म्हणजे आज ब्रेक मारला तरी मागचा माल येतच राहणार.

थांबतं कधी? कॅश संपली की. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये. पण ऐका हं, खरी मेख पुढे आहे, कंपनी बुडाली तरी मशीन बुडत नाहीत. किमोंडाची मशीन टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने साधारण १७ कोटी २५ लाख डॉलरला उचलली आणि अ‍ॅनालॉग चिपला, म्हणजे मेमरी नसलेल्या दुसऱ्याच चिपला, लावली, म्हणजे तेवढी डीरॅम बाजारातून खरंच गेली. एल्पिडाचं उलटं. २०१३ मध्ये मायक्रॉनने अख्खी कंपनीच घेतली, हिरोशिमाचा फॅब डीरॅमच बनवत राहिला, फक्त नव्या मालकाला ते ६० रुपये खूपच स्वस्तात पडले, आता अशा फॅबशी भावात कोण भिडणार सांगा!

मोठ्या उरल्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. २०२२ मध्ये भाव परत घसरले तेव्हा बाकीच्या दोघींनी उत्पादन कमी केलं, सॅमसंग मात्र अडून बसली, आणि एप्रिल २०२३ मध्ये शेवटी तिनेही कपात जाहीर केली. मला खरी काळजी ह्याची वाटते, कारण तिघींनी एकदम हात आखडता घेतला की रॅम महागणार आणि गिऱ्हाईकाला दुसरीकडे जायला फारशी जागाच नाही.