कमी पैशांत बास्केटबॉल कार्डं: सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी! हे कार्ड कॅमेऱ्याजवळ धरतो, जरा नीट बघा. १९९०-९१ च्या 'हुप्स' सेटमधलं, ऑर्लँडो मॅजिक टीमच्या सॅम व्हिन्सेंटचं. आता व्हिन्सेंटला सोडा, त्याच्याजवळचा लाल जर्सीतला खेळाडू बघा. तो मायकल जॉर्डन आहे, आणि अंगावर नंबर आहे १२!

१४ फेब्रुवारी १९९० ला ऑर्लँडोमध्ये मॅचच्या आधी त्याची २३ नंबरची जर्सी चोरीला गेली. ऐन वेळी दुसरी मिळेना, म्हणून नाव नसलेली १२ नंबरची जर्सी चढवून तो कोर्टवर उतरला आणि ४९ पॉइंट केले. हा फोटो त्याच मॅचचा. पुढच्या छपाईत कंपनीने व्हिन्सेंटचा फोटोच बदलला, त्यामुळे जॉर्डन दिसतो तो फक्त या आधीच्या कार्डावर. आणि एवढं असूनही ते काही डॉलरांत मिळतं.

का? कारण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीच्या सुरुवातीला कंपन्यांनी कार्डं भरमसाट छापली. जुने संग्राहक त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात. गुंतवणूक म्हणून या कार्डांत फारसा दम नाही. पण तुमचं बजेट महिन्याला पाचशे-हजार रुपये असेल, तर तुमच्यासाठी हाच खजिना आहे. मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, जॉर्डन, सगळे ऐन भरातले. १९८६-८७ च्या 'फ्लीअर' सेटमधलं ५७ नंबरचं जॉर्डनचं रुकी कार्ड, म्हणजे नवखा खेळाडू म्हणून आलेलं त्याचं कार्ड, मात्र डोक्यातून काढा. ते हजारो डॉलरांचं आहे आणि त्याच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. कुणी स्वस्तात देतोय म्हणाला, तर तिथून सरळ निघा.

आता माझं सगळ्यात ठाम मत. कार्डांचे बंद पॅक फोडू नका. पॅक फोडायला मजा येते, मान्य. पण बहुतेक पॅकांतून निघतात ती बेस कार्डं, म्हणजे सेटमधली साधी, नेहमीची कार्डं, आणि त्यांची एकूण किंमत पॅकच्या किमतीला क्वचितच पोचते. हवं ते कार्ड सुटं घ्या. याला 'सिंगल' घेणं म्हणतात. पॅकच्या पैशांत तुमच्या आवडीची चार-पाच सिंगल्स सहज येतात.

पण कुठली घ्यायची? एखादा धागा पकडा. एक उदाहरण देतो, आपल्या मुंबईतलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. भारतात झालेले एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, ते पहिले सामने. किंग्जकडून बडी हील्ड होता, पेसर्सकडून डोमँटास सबोनिस. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच ट्रेडमध्ये हील्ड पेसर्सकडे गेला आणि सबोनिस किंग्जकडे! म्हणजे दोघांची दोन्ही जर्सींतली कार्डं जमवली की चार कार्डांत ही अख्खी गोष्ट तुमच्या हातात. चारही बेस कार्डं अगदी कमी पैशांत मिळतात. मला असा संग्रह एका महागड्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, जर्सीवर टीमचा लोगो आहे का. २००९-१० पासून कार्डं छापायचा एनबीएचा परवाना पानिनी कंपनीकडे होता, २०२५-२६ च्या सीझनपासून तो टॉप्स कंपनीकडे आला. परवाना नसलेल्या कार्डांवर लोगो नसतो आणि त्यांना भावही कमी येतो. दोन, ईबेवर विक्रेता काय मागतोय त्यावर जाऊ नका. 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावा, म्हणजे तेच कार्ड खरोखर कितीला गेलं ते कळेल. नवा रुकी गाजत असताना घाई करू नका. सीझन संपला की भाव बऱ्याचदा उतरतात.

ग्रेडिंगचा, म्हणजे फी भरून कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घेण्याचा, विचार सध्या नको. शंभर-दोनशे रुपयांच्या कार्डावर त्याहून मोठी फी कशाला भरायची?

सांभाळायचं कसं, तेही दाखवतो. आधी ही मऊ पेनी स्लीव्ह. कार्ड कडांनी धरायचं, बोटं मधल्या फोटोवर टेकवायची नाहीत. स्लीव्हचं तोंड थोडं फाकवून हळूच सरकवायचं, कोपरा अडकला तर जोर लावायचा नाही. मग हे स्लीव्हसकट कडक टॉपलोडरमध्ये. नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं, म्हणजे पोकेमॉन कार्डांच्या मापाची स्लीव्ह याला चालते, आणि ती आपल्याकडे पटकन मिळते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात चकचकीत क्रोम कार्डं दमटपणाने धनुष्यासारखी वाकतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आणि अमेरिकेतून मागवताना एकेक कार्ड मागवू नका, टपालखर्च कार्डाच्या वर जातो. एकाच विक्रेत्याकडून दहा-बारा निवडा, एकत्र पाठवायला सांगा. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पत्त्यावर जमवून ठेवा. पुढच्या भेटीत बॅगेतून ती आरामात येतात.