बर्मिंगहॅम: कचरा, ओल आणि दुकानाचं बिल

[दृश्य: विटांच्या जोडघरांची रांग. फुटपाथवर फुटलेल्या काळ्या पिशव्या.]

बर्मिंगहॅम, मार्च 2025. कचरा उचलणारे कामगार 11 तारखेपासून बेमुदत संपावर होते. 31 मार्चला काउन्सिलनं, म्हणजे इथल्या महापालिकेनं, शहरात आणीबाणीची परिस्थिती जाहीर केली, तेव्हा सुमारे 17,000 टन कचरा रस्त्यांवर पडून होता. बातम्यांमध्ये उंदीर भरपूर दिसले. आपल्याला मात्र पिशव्यांखाली दबलेली खतावणी पाहायची आहे.

संप पेटला तो गाडीवरचं एक पद रद्द केल्यावरून. ते ठेवलं तर समान वेतनाचे नवे दावे येतील, असं काउन्सिल म्हणत होती. पद गेलं की पगार कमी होतो, असं युनियनचं म्हणणं होतं. या भांडणाची मुळं जुनी आहेत. कचरा, रस्ते, कबरी खणणं ही पुरुषांची मानली गेलेली कामं, त्यांना बोनस मिळे. स्वयंपाकी, सफाई कर्मचारी, वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायका त्याच श्रेणीत असूनही त्यांना तो मिळत नसे. 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरी सोडून गेलेल्या महिलांनाही दिवाणी न्यायालयात दावा लावण्याची वाट मोकळी केली. 2023पर्यंत काउन्सिलनं सुमारे 110 कोटी पाउंड चुकते केले होते. त्या उन्हाळ्यात तिनं सांगितलं की अजून 65 ते 76 कोटी द्यावे लागतील. या अंदाजावर पुढे बराच वाद झाला, पण ताळेबंद तेव्हा त्याच आकड्यावर कोसळला.

[दृश्य: व्हिक्टोरिया स्क्वेअर, काउन्सिल हाउसचा घुमट.]

5 सप्टेंबर 2023. काउन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी ‘सेक्शन 114’ची नोटीस काढली. 1988च्या स्थानिक वित्त कायद्यातलं हे कलम. वर्षाचा खर्च हाती येणाऱ्या पैशात बसत नाही असं दिसलं, तर वित्त अधिकाऱ्याला ते लेखी कळवावंच लागतं. राजकीय नेतृत्वाला आवडो न आवडो. नोटीस निघाली की नवे खर्चाचे करार थांबतात आणि 21 दिवसांत पूर्ण सभा बोलवावी लागते. पगार आणि चालू करार सुरू राहतात. मुलांचं संरक्षण, वृद्धांची देखभाल, बेघरांना निवारा, कचरा ही कायद्यानं बांधलेली कामंही चालूच राहतात. म्हणून ‘काउन्सिल दिवाळखोर’ हा मथळा अर्धाच खरा. कंपनीसारखी ती बंद करता येत नाही. वाचनालयं, युवा केंद्रं, कलासंस्थांची अनुदानं यांवर मात्र कात्री चालते, कारण त्यांना कायद्याचं कवच पातळ आहे.

ऑक्टोबरमध्ये मॅक्स कॉलर यांच्या नेतृत्वाखाली सरकारचे ‘कमिशनर’ आले. मराठी प्रेक्षकांनी इथे जरा थांबावं. हा आपला महापालिका आयुक्त नव्हे, आणि मुदत संपलेल्या महापालिकेवर बसतो तो प्रशासकही नव्हे. निवडून आलेले सदस्य खुर्चीत राहतात, सभा होतात. 1999च्या कायद्याखाली मंत्री जेवढे अधिकार काढून देतील, तेवढेच कमिशनरांकडे जातात. त्यांचा पगार मात्र काउन्सिलच्याच तिजोरीतून निघतो.

मदत म्हणून सरकारनं जवळपास 125 कोटी पाउंडांची परवानगी दिली. हे अनुदान नाही. इमारती-जमिनी विकून किंवा कर्ज काढून आलेला पैसा एरवी रोजच्या खर्चाला वापरता येत नाही, तेवढी मुभा मिळाली. घर विकून किराणा भरण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय 4.99 टक्क्यांपुढची काउन्सिल कराची वाढ एरवी सार्वमताशिवाय करता येत नाही. बर्मिंगहॅमला एप्रिल 2024मध्ये 9.99 टक्के वाढवू दिली.

एवढं होईपर्यंत पहारेकरी कुठे होते? त्यांतली सगळ्या काउन्सिलांच्या वह्या एकत्र वाचणारी सरकारी संस्था, ऑडिट कमिशन, 2015मध्ये बंद झाली. काम खासगी लेखापरीक्षकांकडे गेलं आणि रांग लागली. इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांपैकी जेमतेम 1 टक्क्याचं 2022-23चं लेखापरीक्षण वेळेत पूर्ण झालं. शेवटी सरकारनं 13 डिसेंबर 2024 ही अखेरची तारीख ठरवली, आणि शेकडो ताळेबंदांवर ‘मत देता येत नाही’ असा शेरा मारून फायली मिटवल्या गेल्या. आमच्या मते सगळ्यात महागात पडलेली काटकसर ती हीच.

[दृश्य: बहुमजली इमारत. खिडकीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी, जवळून.]

घरांचा हिशेब वेगळा. काउन्सिल ही शहरातली सर्वांत मोठी घरमालक आहे. या घरांचं भाडं ‘हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट’ या कुंपण घातलेल्या खात्यात जातं. समान वेतनाचं भगदाड त्यातून बुजवता येत नाही. पण घरं धड नव्हतीच. जानेवारी 2023मध्ये हाउसिंग ओम्बड्समननं, म्हणजे घरांच्या लोकपालानं, बर्मिंगहॅमवर खास अहवाल काढला. मेमध्ये नियामकानं, रेग्युलेटर ऑफ सोशल हाउसिंगनं, मानकांचा भंग झाल्याचं जाहीर केलं. वित्त अधिकाऱ्याची नोटीस त्यानंतर चार महिन्यांनी आली.

तेव्हा नियामकाचे हात बांधलेले होते. भाडेकरूंचं ‘गंभीर नुकसान’ दिसल्याशिवाय त्याला या मानकांवर कारवाई करता येत नसे. ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 2017मध्ये 72 जण गेले. डिसेंबर 2020मध्ये रॉचडेलमध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीनं गेला. त्यातून 2023चा कायदा आला, आणि 1 एप्रिल 2024पासून हजारहून अधिक घरं असलेल्या प्रत्येक घरमालक संस्थेची चार वर्षांतून एकदा तपासणी होते. शेरा सी-1 ते सी-4. सी-3 आणि सी-4 म्हणजे नापास.

अवाबच्या नावाचा नियम 27 ऑक्टोबर 2025पासून लागू आहे. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा मोठा धोका असेल तर 24 तासांत तपासणी करून घर सुरक्षित करायचं. ओल-बुरशीचा लक्षणीय धोका असेल तर 10 कामकाजी दिवसांत तपासणी, ती संपल्यावर 3 दिवसांत लेखी सारांश, 5 दिवसांत घर सुरक्षित. कायमची दुरुस्तीही 5 दिवसांत सुरू व्हावी, आणि ते शक्यच नसेल तर 12 आठवड्यांत प्रत्यक्ष काम चालू झालंच पाहिजे. मुदतीत घर सुरक्षित होत नसेल तर पर्यायी निवारा द्यायचा.

गाडी अडते ती बहुधा तीन ठिकाणी. तक्रार फोनवर होते आणि क्रमांक घेतला जात नाही, मग दिवस कधीपासून मोजायचे? दुसरं, ‘तुम्ही घरात कपडे वाळवता, स्वयंपाक फार करता’ असं सांगून दोष भाडेकरूवर ढकलला जातो. रॉचडेलमध्ये हेच झालं होतं. तिसरं, बुरशीवर रसायन मारून रंग दिला जातो, पण बाथरूमचा बंद पंखा, गळका पाइप, थंड पडणारा भिंतीचा कोपरा तसाच राहतो. थंडी आली की डाग परत. फोटोवर तारीख ठेवा. घरात बाळ, वृद्ध किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पहिल्याच ईमेलमध्ये लिहा, धोक्याची पातळी त्यावर ठरते.

नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांना काउन्सिलचं घर मिळत नाही. ती खासगी भाड्यानं राहतात आणि ही मुदतींची घड्याळं सध्या त्यांच्यासाठी नाहीत. त्यांनी काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे जावं.

[दृश्य: मोठ्या रस्त्यावरचं किराणा दुकान. शटर वर जातं.]

दुकानदाराचा ‘बिझनेस रेट’, म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर, काउन्सिल वसूल करते. तिथून आपल्याकडच्या लोकांचा गोंधळ सुरू होतो. मुंबई-पुण्यात मालमत्तेचं मूल्य पालिकाच ठरवते. इंग्लंडमध्ये ते व्हॅल्युएशन ऑफिस ठरवतं, दर सरकार ठरवतं, काउन्सिल फक्त बिल पाठवते. मूल्य चुकलंय म्हणून काउन्सिलच्या खिडकीवर भांडणं म्हणजे पोस्टमनशी भांडणं.

मूल्य म्हणजे इथे विक्रीची किंमत नव्हे, जागेचं अंदाजे वार्षिक भाडं. ते काढतात दुकानाच्या खोलीवरून. दर्शनी बाजूपासून पहिले 6.1 मीटर पूर्ण धरायचे, पुढचे 6.1 निम्मे, त्यापुढचे पाव. समजा दुकान 5 मीटर रुंद, 18 मीटर खोल आहे. पहिला पट्टा 30.5 चौरस मीटर, दुसऱ्याचे 15.25, उरलेल्या 29चे 7.25. एकूण 53. भागातला दर चौरस मीटरला 340 पाउंड असेल तर मूल्य 18,000च्या आसपास. मागचं कोठार विक्रीच्या जागेत मोजलं गेलं, किंवा पार्टिशनमागे वापरात नसलेली जागा धरली गेली, तर आकडा फुगतो. फीत घेऊन स्वतः मोजा. ‘चेक’ आणि ‘चॅलेंज’ या पायऱ्या ऑनलाइन, फुकट आहेत. टक्केवारी मागत दारावर येणाऱ्या एजंटाची गरज नसते.

एप्रिल 2026पासून छोट्या किरकोळ दुकानांचा दर पाउंडामागे 49.9 पेन्सवरून 38.2 वर आला. आनंद व्हावा असं, पण त्याच दिवशी 40 टक्के सवलत संपली आणि मूल्यं नव्यानं ठरली. आपल्या दुकानाचं जुनं मूल्य 16,000 धरू. सवलतीनंतर बिल होतं 4,790. नव्या 18,000वर ते 6,876. एकदम फटका बसू नये म्हणून वाढीला वर्षाला 800 पाउंड किंवा ठरलेली टक्केवारी, यांतलं जे जास्त असेल ती मर्यादा आहे. बिलावर ती लावलेली आहे ना, हे पाहावं. मूल्य 12,000च्या आत आणि दुकान एकच असेल तर लहान व्यवसायाची सवलत पूर्ण माफी देते. पण अर्ज काउन्सिलकडे करावा लागतो, आणि अनेक जण तो करतच नाहीत.

[दृश्य: काउन्सिलच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म.]

तक्रारीची दारंही अशीच वेगळी आहेत. घराची तक्रार आधी काउन्सिलकडे. पोच 5 कामकाजी दिवसांत, पहिलं उत्तर त्यानंतर 10 दिवसांत, दुसऱ्या टप्प्याचं 20 दिवसांत. त्यावर समाधान नसेल तर हाउसिंग ओम्बड्समन, 12 महिन्यांच्या आत. कचरा आणि कराची वसुली दुसऱ्या लोकपालाकडे, लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे. दुकानाचं मूल्य व्हॅल्युएशन ऑफिसकडे, तिथे चॅलेंज फेटाळलं तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनल. नियामक कुणा एकाची तक्रार सोडवत नाही. पण एकाच इमारतीतून वीस तक्रारी गेल्या, तर पुढच्या तपासणीत त्याची नजर तिकडे वळू शकते.