शेवटचे तीन किलो अडलेत? भाकरी कमी करू नका, आधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा

नमस्कार मंडळी. लातुरात सकाळी सातलाच ऊन चटकायला लागलंय, म्हणून फिरून आल्या आल्या कॅमेरा लावलाय. दोन महिने झाले, एकच प्रश्न येतोय. "ताई, पंधरा किलो उतरले, आता शेवटचे तीन-चार किलो जागचे हलत नाहीत. भाकरी बंद करू का?"

भाकरी बंद करू नका. एवढं ऐकून व्हिडिओ बंद केलात तरी चालेल, पण थांबलात तर कारण सांगते.

चाला, झोपा, ताटात डाळ-अंडी-दही वाढवा, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्याशिवाय पंधरा किलो उतरले नसते. थायरॉईडची तपासणी बऱ्याच दिवसांत केली नसेल तर करून घ्या. पुढं चला.

माझी उंची 160 सेंटिमीटर. 79 किलोवरून सुरुवात केली, 62 वर येऊन अडले, जायचं होतं 59 ला. आता हिशोब बघा. 79 किलोच्या बाईला आहे त्याच वजनावर राहायला दिवसाला साधारण 2000 कॅलरी लागतात. 62 किलोच्या त्याच बाईला लागतात 1750 च्या आसपास. अंगच लहान झालं, ते चालवायला कमीच लागणार. मी पहिल्या दिवसापासून 1500 खात होते. म्हणजे सुरुवातीला रोज 500 ची तूट पडायची, आता तेच जेवण जेवून 250 ची. आहार तोच, मेहनत तीच, तूट मात्र निम्मी. आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. 250 च्या तुटीनं एक किलो उतरायला महिना लागतो. आठवड्याला पाव किलो!

हा पाव किलो काट्यावर दिसेल कसा? पाळीच्या आधी अंगात पाणी साचून किलो-दीड किलो सहज वाढतं. खारट खाल्लं, नवीन व्यायाम केला, पोट साफ झालं नाही, की काटा वर. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळा अमावस्येच्या सणाला, आम्ही सगळे शेतावर गेलो होतो. मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील, भाकरी, पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी काटा 1.4 किलोनं वर! तेवढी चरबी एका दिवसात चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर दहा हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील, ते शक्यच नाही. चौथ्या दिवशी वजन जागेवर. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. बायांनी या महिन्याचा पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा. असा महिना-दीड महिना बघूनही सरासरी हलली नाही, तरच वजन अडलं म्हणायचं. दहा दिवसांत "अडलं" म्हणून भाकरी तोडू नका.

माझं मात्र खरंच अडलं होतं. सात आठवडे. आता मुद्द्यावर येते.

(काटा आणि बाटली पुढं ओढत)

हा स्वयंपाकघरातला साधा काटा. ही आमच्या घरची करडीच्या तेलाची बाटली. बाटली काट्यावर ठेवली, शून्याचं बटण दाबलं. आता बाटली उचलते आणि वांग्याच्या फोडणीला रोज ओतते तेवढंच ओतते, हात आखडत नाही. बाटली परत ठेवली. काय दिसतंय? उणे 52. म्हणजे 52 ग्रॅम तेल कढईत गेलं. चमचे धुवायचे नाहीत, मापटं नको, हात तेलकट होत नाहीत. ठेवा, शून्य करा, ओता, परत ठेवा. उणे जितकं दिसेल तितकं तेल.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, तेल मोजून कुठं सैपाक होतो का?" मी म्हणलं, "आत्या, तुम्ही नेहमीसारखंच ओता, मी फक्त बाटली काट्यावर ठेवते." त्यांच्या फोडणीला मी बोट लावलं नाही. तो दिवस असा निघाला: सकाळी नाश्त्याला सुशीला (फोडणीचे चुरमुरे) 38, दुपारी वांगी 52, रात्री वरणाची फोडणी आणि पिठलं मिळून 58. एकूण 148 ग्रॅम. खाणारे चौघं. माणशी 37 ग्रॅम. एक ग्रॅम तेलाच्या 9 कॅलरी, म्हणजे 333. आणि मी मोबाइलमध्ये रोज काय लिहीत होते? "तेल, 2 चमचे." ऐंशी कॅलरी. फरक 250 चा. माझी अख्खी तूट त्या बाटलीत होती. सात आठवडे.

हेच मला तुमच्या मनात बसवायचंय. वजन जास्त होतं तेव्हा 500 ची तूट होती, 250 ची चूक पचून जायची. आता तूटच 250 ची आहे. चूक तीच, पण आता ती सगळंच खाऊन टाकते. म्हणून जे आधी चाललं ते आता चालत नाही.

यावर कमेंट ठरलेली: "ताई, आमच्याकडे घाण्याचं तेल आहे", "करडीचं हलकं असतं", "आम्ही तर साजूक तूप वापरतो". तेल घाण्याचं असो, डब्यातलं असो, शेंगदाण्याचं असो की करडीचं, ग्रॅमला 9 कॅलरीच. तूपही जवळपास तितकंच. घाण्याचं तेल चवीला छान असेल, जरूर आणा, पण मोजून वापरा. "हलकं" या शब्दानं खूप जणींचे महिने वाया घालवलेत, त्याची मला खरंच चीड येते.

दुसरी कमेंट: "मी तर तेल खातच नाही." तुमच्यावर अविश्वास नाही, पण आपला अंदाज सगळ्यांचाच चुकतो. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. डाएट करूनही वजन हलत नाही अशी तक्रार असलेली माणसं घेतली आणि त्यांचं खरं खाणं शास्त्रीय पद्धतीनं मोजलं. ती सरासरी 47 टक्के कमी खाणं सांगत होती आणि हालचाल 51 टक्के जास्त. त्यांच्या शरीराची कॅलरी जाळण्याची गती ठीकच निघाली. डोळ्यांनी तेल मोजता येत नाही, एवढंच.

आता कूट. आपल्या मराठवाड्यात वांग्यात कूट, शेपूत कूट, कोशिंबिरीत कूट, वर शेंगदाण्याची चटणी. दोन भरलेले चमचे कूट म्हणजे साधारण 20 ग्रॅम, 110 च्या वर कॅलरी. आणि चारच्या चहाबरोबर मूठभर शेंगदाणे, 30 ग्रॅम, 170. शेजारी भाकरी ठेवा: 70 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत जवळपास 235 कॅलरी, सोबत तंतू, सात ग्रॅम प्रथिनं आणि दुपारभर पोटाला आधार. अर्धी भाकरी तोडलीत तर 117 वाचल्या. चारला भूक लागली, मूठभर शेंगदाणे गेले, 170. भाकरी तोडून वर पन्नास जास्त झाल्या.

काटा नसेल तर मार्करनं तेलाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. चौघांत सहा दिवस पुरलं तर माणशी रोज 38 ग्रॅम. तळण झालं तर कढईतलं उरलेलं तेल वजा करा.

थोडं विषय सोडून बोलते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, रोज दहा-बारा घागरी जिन्यानं वर. व्यायाम म्हणून काहीच करत नव्हते तरी वजन वाढलं नाही. पाणी नळाला आलं, त्या वर्षात चार किलो चढले. ते दिवस परत येऊ नयेत, लेकरांनी फार सोसलं. पण अशी बारीक हालचाल किती काम करते ते तेव्हा कळलं. डाएटवर असताना ती आपोआप घटते, बसलो की उठावं वाटत नाही. आणि बेचाळीसच्या उन्हात दुपारी घराबाहेर कोण पडणार? म्हणून पहाटेचं फिरणं चुकवू नका आणि पावलं मोजा.

एक काळजीची गोष्ट. "ताई, पाच फूट तीन इंच, 50 किलो, मला 45 व्हायचंय," असं लिहिणाऱ्या मुली आहेत. बाळांनो, तुमचं काही अडलेलं नाही. या उंचीला 47 च्या खाली म्हणजे कमी वजन. तुमच्या बाटलीतून काहीच काढायचं नाही.

मी काय केलं? दिवसाचं तेल चौघांत 148 वरून 100 ग्रॅमवर आणलं, फोडणी वेगळी केली नाही. कूट निम्मं. चारच्या शेंगदाण्यांच्या जागी पेलाभर ताक. भाकरी दोन्ही वेळा होती तशीच. सात आठवड्यांत सरासरी 62 वरून 60.4 झाली. सासूबाईंना वांग्याच्या चवीत फरक कळला नाही, मी मुद्दाम विचारलं.

आज संध्याकाळच्या फोडणीला बाटली काट्यावर ठेवा आणि उणे किती आलं ते खाली लिहा, घरात खाणारे किती तेही लिहा. रात्री जेवणं झाली की मी बसून एकेकीचा हिशोब करून देते.